भरल्या बॅटरीची गिऱ्हाइकं

४ मार्च

आज केंद्र सुरू झालं. पंख्याच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं भांडारपाल होतो. कारखाना बंद पडला त्या दिवशी माझ्या भांडारात एक वायसरसुद्धा कमी भरला नाही. कारखाना का बंद पडला ते मला नीटसं माहीत नाही, पण भांडारामुळे नाही, एवढं मी कुणालाही लिहून देईन. तिथल्याच एका कोऱ्या साठावहीत ही दैनंदिनी लिहितोय.

काम सोपं आहे. विजेवरची गाडी चौथऱ्यावर चढते, खालून यंत्र येतं, गाडीच्या पोटातली रिकामी बॅटरी काढून घेतं आणि भरलेली बसवतं. पाच मिनिटांत गाडी मोकळी, चार्जिंगला ताटकळायला नको. दर बदलीचे पैसे ठरलेले, त्यातला माझा वाटाही ठरलेला. आलेली बॅटरी पुन्हा भरायची वीज मात्र माझ्या खिशातून. कंपनीनं बारा बॅटऱ्या दिल्यात. मी त्यांना नंबर घातले आणि प्रत्येकीचं कार्ड बनवलं.

जागा हिच्या दुकानाची. ही अकरा वर्षं इथे कपडे दुरुस्त करते: उंची कमी करणं, कंबर ढिली करणं, चेन बदलणं. तिचं मशीन आता मागच्या भिंतीला, गिऱ्हाइकांच्या बाकाशेजारी सरकवलंय. करार असा की नव्वद दिवसांत रोजची सरासरी वीस गाड्या झाली, तर कंपनी केंद्र कायम करणार. नाही झाली तर यंत्र उचलून नेणार, जागा हिला परत आणि मी घरी. कारखाना बंद झाल्यावर सात महिने घरी बसलोय. मला परत घरी बसायचं नाही.

पहिल्या दिवशी तीन गाड्या आल्या. चांगली सुरुवात.

५ मार्च

कालची सुरुवात वाटली तेवढी चांगली नव्हती. कालच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी वळणापर्यंत गेली आणि थांबली. भांडाराचा साधा नियम आहे की उघडलेला डबा संपल्याशिवाय नवा उघडायचा नाही. पहिल्या गाडीतून निघालेली बॅटरी हा उघडलेला माल. तो रॅकवर पडून असताना मी सीलबंद माल कसा काढणार? म्हणून तीच दुसऱ्या गाडीत घातली.

त्यात तीन टक्के चार्ज होता. आज त्या माणसानं येऊन बरंच काही ऐकवलं. ही मध्ये पडली, त्याला पाणी दिलं, आणि बोलता बोलता त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण लावून दिलं. तो निवळला. बायकांना हे बरं जमतं.

९ मार्च

टॅक्सीवाला आला. रॅकवर भरलेल्या दोनच बॅटऱ्या होत्या, म्हणून मी नाही म्हणालो. राखीव साठ्याला हात लावायचा नसतो. तो म्हणाला, समोर दोन दिसतायत. मी म्हणालो, त्या राखीव आहेत म्हणूनच दिसतायत. ही मशीनवरून न उठता म्हणाली, "अहो, त्या द्यायलाच ठेवल्यात."

दिली शेवटी. पण रॅकवरची ती रिकामी जागा बघून दिवसभर कशात मन लागलं नाही.

समोरच्या दातांच्या डॉक्टरनं मला धंद्याचं गणित समजावलं. रॅकवरची भरलेली बॅटरी म्हणजे पेशंटविना पडलेली खुर्ची, म्हणे. पैसे गुंतलेत आणि कमाई शून्य. बॅटरी जितक्या वेळा फिरेल तितका फायदा. मी मान डोलावली. पण भरलेला रॅक काय सुंदर दिसतो हे दातांच्या डॉक्टरला कोण समजावणार?

१७ मार्च

सरासरी सात. सात म्हणजे वीज आणि दुरुस्तीचा खर्चही सुटत नाही. वीसचा आकडा कंपनीनं काही उगाच काढलेला नाही. बारा बॅटऱ्यांची किंमत ऐकली तर माणूस मटकन खाली बसेल. रोज वीसदा बदली झाली तरच ती कधीतरी वसूल व्हायची.

हिच्यापासून काही लपवलं नाही. तिनं विचारलं, एका बदलीला किती वेळ लागतो? मी म्हणालो, पाच मिनिटं. तिनं हातातल्या पँटची उंची टेपनं मोजली. मग म्हणाली, गाडीच्या पोटाला चिखल असतो, यंत्रात जाईल, आधी कपड्यानं नीट पुसत जा. मी म्हणालो, त्याला चार मिनिटं जास्त लागतील. म्हणाली, लागू देत.

सूचना वाजवी होती. कार्डावर ‘पुसले’ असा नवा रकाना केला.

२२ मार्च

पंधरा गाड्या. पुसण्याचा परिणाम ताबडतोब दिसतोय. लोकांना निगा कळते.

एक गोष्ट ध्यानात आली. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलंय की गिऱ्हाईक साधारण दहा टक्क्यांवर बॅटरी बदलतं. माझ्याकडची गिऱ्हाइकं फार सावध दिसतात. आज आलेल्या बॅटऱ्यांत सहा तर ऐंशी टक्क्यांच्या वर होत्या. त्या पुन्हा भरायला वीज लागते ती नावापुरती. पैसे मात्र पूर्ण बदलीचे.

ह्या भागातल्या लोकांना हातात एक पिशवी घेऊन फिरायची सवय आहे असं दिसतं.

३० मार्च

शाळेत नाटक बसवणारी एक बाई आज सहा वेळा आली. सहा! दर वेळी चार्ज नव्वदच्या वर. मी तिला समजावून सांगितलं की ही बॅटरी अजून दोन दिवस आरामात चालेल. ती म्हणाली, नको, मला धीर नाही. शाळेत बत्तीस मुलं वाट बघतायत म्हणाली. शिक्षकांवर किती ताण असतो ते अशा वेळी कळतं.

तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर राजाराण्यांच्या झग्यांचा ढीग होता. प्रत्येक फेरीत ती त्यातला एक झगा आत आणून हिच्याशी गप्पा मारत बसायची. माझं लक्ष अर्थातच पुसण्याकडे होतं.

८ एप्रिल

सरासरी चौदावर आली. रोजची गिऱ्हाइकं आता पंचवीसच्या घरात आहेत. रॅक सतत भरलेला असतो. जे आत येतं तेच मुळात भरलेलं, त्यामुळे ‘थांबा, चार्ज होतेय’ असं कुणाला सांगावं लागत नाही. डॉक्टरचं खुर्चीचं गणित साफ चुकलं. माझा साठा पूर्ण आणि फिरणंही पूर्ण. हे कसं साधतं ते भांडाराची शिस्त असलेल्यालाच कळेल.

डॉक्टर स्वतःही आठवड्यातून दोनदा गाडी आणतो. त्याचा दवाखाना समोर आणि घर दवाखान्याच्या वर. गाडी घेऊन जातो कुठे, कोण जाणे. सध्या वजन कमी करतोय आणि बाकावर बसून हिला कंबरेचे आकडे सांगत असतो. माणूस कौतुकाचा भुकेला, दुसरं काय.

१५ एप्रिल

कंपनीची तपासनीस आली. वय असेल अठ्ठावीस. प्रत्येक वाक्यात टक्के बोलते, म्हणून मी तिचं नाव टक्केबाई ठेवलंय. आकडे बघून खूश झाली, पण एका मुद्द्यावर अडली. बदलीला नऊ मिनिटं का? इतर केंद्रांवर पाच लागतात. अदलाबदलीचा सगळा धंदाच वेळ वाचवण्यावर उभा आहे म्हणाली. मी पुसण्याचं कारण दिलं. ती म्हणाली, यंत्राला चिखलानं काही होत नाही.

मला अपमान वाटला, पण वरिष्ठ ते वरिष्ठ. उद्यापासून पाच मिनिटं. ही ऐकत होती. मशीनचं चाक जरा जोरात फिरलं.

१६ एप्रिल

वेगाचा चमत्कार! डॉक्टरची बदली मी चार मिनिटं पन्नास सेकंदांत केली आणि मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला म्हणून त्याला लगेच पुढे काढलं. तासाभरात तोच पुन्हा बदलीला हजर, चार्ज अठ्ठ्याण्णव टक्के! त्याच्या पँटचा एक पाय घोट्यापर्यंत होता आणि दुसरा बुटाखाली लोळत होता. दात काढण्याच्या घाईत ह्या लोकांचं स्वतःकडे लक्ष राहत नाही.

ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तरही दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा जरा तावात होते. कोटाची एक बाही त्यांनी हातात धरली होती.

१९ एप्रिल

ही तीन दिवस माझ्याशी मोजकंच बोलतेय. मी कारण विचारलं तर म्हणाली, गाड्या घाणेरड्या दिसतात, मला बघवत नाही. स्वच्छतेचा एवढा सोस तिला केव्हापासून लागला? पण घरात शांतता हवी म्हणून पुसणं पुन्हा सुरू केलं. कंपनीला कळवलं की यंत्र सांभाळणं ही माझी जबाबदारी आहे. एवढं ठणकावून मी कारखान्यातसुद्धा कधी लिहिलं नव्हतं.

२ मे

कंपनीचं पत्र आलं! दर बदलीमागे सर्वांत कमी वीज जाळणारं केंद्र माझं. बाकीचे चालक विजेच्या बिलानं मेटाकुटीला आलेत. त्यांच्या बॅटऱ्या रिकाम्या येतात, भरायला वेळ लागतो, तोवर गिऱ्हाईक निघून जातं. मग आणखी बॅटऱ्या हव्यात, आणि त्यांना पैसे कुठून आणायचे? आणि माझ्याकडे बाराही कायम टवटवीत. करार कायम झाला तर मी जाऊन सगळ्या चालकांना माझी पद्धत समजावून सांगावी, असं पत्रात लिहिलंय.

भाषणाचे मुद्दे काढले. पहिला, कार्ड. दुसरा, पुसणं. तिसरा, गिऱ्हाइकाशी कमी बोलणं. हिला वाचून दाखवलं. हसू दाबल्यासारखी दिसली, पण ऐकलं सगळं. शेवटी म्हणाली, चौथा मुद्दा नंतर सुचेल तुम्हाला.

सरासरी आता एकोणीस पूर्णांक तीन.

१२ मे

मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ही दहा दिवसांसाठी तिच्याकडे गेली. जाताना म्हणाली, कराराचे शेवटचे दिवस बघता मला जायला नको होतं, पण बहिणीला दुसरं कुणी नाही. मी हसलो. केंद्र मी चालवतो, तिला कसली काळजी?

१४ मे

काल पाच गाड्या, आज तीन. हवा ढगाळ आहे, त्यामुळे असेल.

१७ मे

तीन दिवसांत सात गाड्या, त्याही निपचित पडलेल्या बॅटऱ्या घेऊन. एक तर शून्यावर, ढकलत आणली. आज तर टॅक्सीस्टँडचे चौघे एकदम आले, चारही बॅटऱ्या पार रिकाम्या. विजेचं मीटर भिंगरीसारखं फिरतंय. डॉक्टरचं गणित आता मला फार चांगलं कळू लागलंय.

फोन मात्र सारखे येतात. ताई कधी येणार, ताई कधी येणार. लोक किती मायाळू आहेत. कुणाची बायको चार दिवस गावाला गेली तर एवढी विचारपूस आम्ही कधी केली नाही.

२० मे

हे लिहायला हात धजत नाही, पण नोंद ती नोंद.

टक्केबाई आली. तिनं आलेख दाखवला. बारा तारखेला आकडा असा कोसळलाय की कुणीतरी ढकलून दिल्यासारखा. सरासरी एकोणिसाच्या खाली. तिनं विचारलं, बारा तारखेला काय बदललं? मी ढगांबद्दल सांगितलं. तिनं बाहेर बघितलं. बाहेर ऊन होतं.

तेवढ्यात डॉक्टर गाडी घेऊन चौथऱ्यापाशी आला. काच खाली करून त्यानं विचारलं, ताई आल्या? मी म्हणालो, नाही. तो सरळ मागे फिरायला लागला. टक्केबाईनं त्याला हात करून थांबवलं आणि बॅटरी नको का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बॅटरीचं काय करू? पँटची कंबर कमी करायची आहे."

मग सगळं बाहेर आलं. हिनं मार्चातच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. नुसते कपडे दिलेत तर चार दिवसांनी मिळतील, बॅटरी बदलायला आलात तर बदली होईपर्यंत हातात. एक उंची कमी करायला हिला आठ मिनिटं लागतात. चिखलाचा अर्थ मला तेव्हा कळला. राजाराणीच्या झग्यांचा, एका पायाच्या पँटचा आणि मास्तरांच्या बाहीचाही तेव्हाच कळला. दोन महिने लोक कपडे शिवून घ्यायला येत होते आणि शिलाईची घाई म्हणून बॅटरीचे पैसे भरत होते.

टक्केबाईला हसू आवरेना. मी भाषणाचे मुद्दे टेबलावर ठेवले होते, ते उलटे करून ठेवले.

२१ मे

केंद्र उघडलं. पुसायला गाडीच नव्हती. रॅक पुसला.

रागावू कुणावर? हिनं मला फसवलं म्हणावं तर कशात? सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी चार्जचा टक्का लिहिला, वेळ लिहिली, ‘पुसले’ लिहिलं. पिशवीत काय आहे ते एकदाही विचारलं नाही. मला स्वतःची लाज वाटते आहे.

२३ मे

ही आली. मी स्टेशनवर गेलो होतो. दुकानात आल्यावर म्हणालो, केंद्राचा बोर्ड काढून टाकतो, जागा तुझी तू घे. तू नुसती गप्प बसली असतीस तर नव्वद दिवस भरताच तुला ती परत मिळाली असती. मग हा उपद्व्याप केलास कशाला?

ती मशीनचं कव्हर काढत होती. आधी म्हणाली, धंद्यासाठी. पूर्वी लोक कपडे टाकून जायचे ते महिना महिना न्यायला यायचे नाहीत. गाडी चौथऱ्यावर अडकली की माणूस जागचा हलत नाही, पैसे देतो आणि कपडे घेऊन जातो. मी म्हणालो, हे एक झालं. आणखी?

मग तिनं कव्हर खाली ठेवलं.

"आणखी काय. सात महिने तुम्ही घरात माझ्या बटणांच्या डब्या मोजत होतात. मग रिळांना कुलूप लावलंत. एकदा मी निळा दोरा मागितला तर मला म्हणालात, मागणीची चिठ्ठी लिहून दे. माझ्याच घरात माझा दोरा! मी चिठ्ठी लिहिली तेव्हा तुम्ही तारीख घालून सही केलीत, आणि कितीतरी दिवसांनी तुमचा चेहरा माणसासारखा दिसला. त्या रात्री ठरवलं, ह्या माणसाला भांडार पाहिजे. माझं नको, दुसऱ्या कुणाचं तरी."

मला ते आठवत होतं. ती चिठ्ठी मी फाइलला लावली होती. ही मला हसली असेल असं मी तेव्हा धरून चाललो होतो. ती हसली नव्हती.

मी बाहेर जाऊन उगाच चौथरा झाडला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते बाकावर बसलेल्या मास्तरांना दिसायला नको होतं. ही आल्याचं त्यांना इतक्यात कसं कळलं, देव जाणे. चार्ज एक्क्याण्णव टक्के. गाडीचं पोट मी नऊ नाही, अकरा मिनिटं पुसलं. त्यांच्या कोटाला अस्तरही लावायचं होतं.

२८ मे

काल एकोणचाळीस, आज बेचाळीस. दहा दिवसांचे उसवलेले कपडे घेऊन सगळा गाव लोटलाय. आता मी प्रत्येकाला आधी पिशवीत काय आहे ते विचारतो आणि त्याप्रमाणे पुसतो. नुसतं बटण असेल तर पाच मिनिटं. चेन असेल तर चाकंसुद्धा पुसतो. कार्डावर ‘काम’ असा रकाना केला.

१ जून

नव्वदावा दिवस. सरासरी वीस पूर्णांक एक. टक्केबाई करारनामा घेऊन आली. कारणाशी कंपनीला कर्तव्य नाही, आकडा बसला की झालं म्हणाली. प्रत्येक केंद्रात एक शिलाई मशीन बसवावं का, असं वरच्यांनी विचारलंय. हिनं सांगितलं, मशीन कुठेही बसेल, पण गाडी पुसणारा माणूस सहजासहजी मिळणार नाही.

करारनाम्यात ‘केंद्रचालक’ अशी एक ओळ होती. मी पेन उघडलं आणि हिचं नाव लिहिलं. कुणी लिही म्हणालं नव्हतं. केंद्र कोण चालवतं हे बाराही बॅटऱ्यांना माहीत होतं, तर कागदालाही माहीत असलेलं बरं. खाली ‘अन्य कर्मचारी’ होतं. तिथे माझं नाव लिहिलं आणि हुद्दा लिहिला: भांडारपाल. कारखाना बंद झाल्यापासून हा शब्द कुठल्याच कागदावर लिहायची वेळ आली नव्हती. लिहिताना अक्षर जरा मोठं आलं.

हिनं वाचलं. माझ्या वहीतला एक कागद टर्रकन फाडला, त्यावर काहीतरी खरडलं आणि माझ्यापुढे सरकवला. लिहिलं होतं: निळा दोरा, चार रिळं, ताबडतोब. खाली तारीख आणि सही, केंद्रचालक म्हणून.

कपाटात निळी रिळं चारच होती. राखीव काहीच उरणार नव्हतं. मी चारही दिली.